सोळा सूर्योदयांचा रोजा

मगरिबची अजान झाली की खजूर तोंडात जातो. पहाटे सहरीची वेळ संपली की पाण्याचा घोटही बंद. रमजानमध्ये रोजेदाराचे घड्याळ असे सूर्याला बांधलेले असते. पण जिथे सूर्य दिवसातून सोळा वेळा उगवतो आणि सोळा वेळा मावळतो, तिथे रोजा कसा धरायचा?

हा प्रश्न गमतीचा नाही. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक सुमारे ४०० किलोमीटर उंचीवरून, ताशी सुमारे २८ हजार किलोमीटर वेगाने पृथ्वीभोवती फिरते. एक फेरी साधारण दीड तासाची. तिथे सूर्य पाहून रोजा धरला, तर सहरीचे ताट आवरेपर्यंत इफ्तारची वेळ व्हायची!

सौदी अरेबियाचे राजपुत्र सुलतान बिन सलमान १७ जून १९८५ रोजी डिस्कव्हरी यानातून अवकाशात गेले, तेव्हा रमजानचे शेवटचे दिवस होते. १० ऑक्टोबर २००७ रोजी मलेशियाचे डॉ. शेख मुझफ्फर शुकोर निघाले, तेही रमजान संपत असतानाच. त्यांच्यासाठी मलेशियात शास्त्रज्ञ आणि उलेमा एकत्र बसले आणि त्यातून एक मार्गदर्शिका तयार झाली. वेळ धरायची ती उड्डाण जिथून झाले त्या ठिकाणची. नमाजसाठी काब्याची दिशा साधेल तितकी साधायची. रोजा जमला नाही, तर परतल्यावर पूर्ण करायचा.

२०२३ मध्ये संयुक्त अरब अमिरातीचे सुलतान अल नियादी सहा महिन्यांच्या मोहिमेवर स्थानकात होते. त्यांचा अख्खा रमजान तिथेच गेला. उड्डाणापूर्वी पत्रकारांनी रोजांबद्दल विचारले. आपण प्रवासी आहोत आणि प्रवाशाला रोजाची सक्ती नाही, असे त्यांनी सांगितले. मोहिमेला किंवा सहकाऱ्यांना धोका होईल असे काही करता येत नाही, हेही त्यांनी स्पष्ट केले. यामागे शास्त्र आहे. वजनरहित अवस्थेत शरीरातील द्रव डोक्याकडे सरकतात आणि शरीरातले पाणी कमी होते. हाडे व स्नायू टिकवण्यासाठी रोज सुमारे दोन तास व्यायाम करावा लागतो. ईदनंतर आठवड्याभरात, २८ एप्रिलला, अल नियादी स्थानकाबाहेर पडले आणि सुमारे सात तास काम करत राहिले. अवकाशात चालणारे ते पहिले अरब. अशा कामात एकाला भोवळ आली, तर सोबत्याचाही जीव धोक्यात.

सण मात्र वरही वाटूनच खाल्ला जातो. डॉ. शुकोर यांनी ईदला सहकाऱ्यांसाठी मलेशियाचे पदार्थ नेले होते. २०२५ मध्ये भारताचे शुभांशू शुक्ला गाजर हलवा, मुगडाळीचा हलवा आणि आमरस घेऊन गेले, तेव्हा तोही वेगवेगळ्या देशांच्या सोबत्यांनी मिळून चाखला.

प्रवासी आणि आजारी, दोघांना दिलेली सवलत कुरआनात एकाच ठिकाणी येते. तरीही इन्सुलिन घेणारे वडील डॉक्टरांचे न ऐकता रोजा धरतात आणि दुपारी साखर उतरून घरातले घाबरे होतात, हे अनेक घरांत दरवर्षी घडते. रोजा सोडला तर लोक काय म्हणतील, हा संकोच त्यामागे असतो. सोळा सूर्योदय पाहणाऱ्या अंतराळवीराने जी सवलत बिनदिक्कत सांगितली, ती जमिनीवरच्या आजारी माणसालाही तितकीच लागू आहे. ती घेतल्याने श्रद्धा कमी होत नाही.