कोल्हापूर ते रत्नागिरी, मार्गे गोवा!

कोल्हापूरहून रत्नागिरी मोटारीने जेमतेम सव्वाशे-दीडशे किलोमीटर. आंबा घाट उतरला की कोकण! परंतु हाच घाट आमच्या आईचा वैरी. मलकापूर मागे पडते न पडते तोच तिच्या पोटात ढवळू लागते. आणि तिकडे रत्नागिरीला धाकटी मावशी अंथरुणाला खिळलेली. "ताईला एकदा डोळे भरून पाहू दे रे," हाच तिचा फोनवरचा धोशा.

"आई, आपण आगगाडीने जाऊ," मी एके रात्री म्हटले. घरात हशा पिकला. कारण कोल्हापूरला रेल्वे संपते! १८९१ साली ती मिरजेहून इथवर आली, पण सह्याद्रीपलीकडे काही गेली नाही. वैभववाडीपर्यंत रूळ नेण्याची योजना आहे खरी; पण ऐंशीच्या बाईने तिच्या भरवशावर थांबावे तरी किती?

मी वेळापत्रक घेऊन बसलो. पुणे-पनवेलवरून गेले तर सातशे किलोमीटरांच्या वर. मिरज, बेळगाव, लोंढा करीत मडगाव गाठायचे आणि तिथून उलटे उत्तरेला वळायचे, तर साडेपाचशे. कोकण रेल्वे १९९८ मध्ये सलग सुरू झाली म्हणून निदान हा द्राविडी प्राणायाम तरी शक्य! रात्री मिरजेला गोव्याची गाडी, पहाटे मडगाव, सकाळी मांडवी एक्स्प्रेस, दुपारी मावशीच्या उशाशी. कागदावर अगदी चोख.

शेजारच्या निवृत्त स्टेशनमास्तरांनी चष्म्यावरून तो कागद न्याहाळला. "जायचे कधी?"

"गौरी-गणपतीला."

"मग हे फाडून टाका. कोकण रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक निराळे असते. दरडींच्या धास्तीने गाड्या हळू चालवतात. आणि मिरजेला ऐनवेळी नका पोचू. तीन तास आधीची गाडी धरा. आईंना जिना चढायला वेळ लागेल की नाही?"

जिन्याचा विचार माझ्या डोक्यातही आला नव्हता! नवा कागद केला. खालच्या बाकासाठी साठ दिवस आधी, आरक्षण उघडताच तिकिटे काढली.

आईची एकच शंका उरली होती. "वाटेत घाट नाही ना?"

आहे! कॅसलरॉक ते कुळे, सव्वीस किलोमीटरांचा, सदतीस फुटांना एक फूट असा उतार. पण मोटारीसारखी गचकन वळणे नाहीत, आणि तेव्हा ती गाढ झोपलेली असेल. दूधसागरही अंधारातच मागे पडेल.

"नाही," मी म्हणालो.

आई कांदा-लसूण चटणीची बरणी फडक्यात बांधू लागली. मावशीला ती कोल्हापूरचीच लागते.