बारीक अंगातली चरबी

२००४ साली ‘द लॅन्सेट’मध्ये दोन डॉक्टरांचा एक फोटो छापून आला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, २२.३; दोघंही सडपातळ. पण अंगातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के भरली आणि याज्ञिकांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर विसंबून राहणाऱ्या वैद्यकाला हा चांगलाच धक्का होता.

चरबी म्हणजे नुसता साठा, हा समज १९९४मध्येच मागे पडला होता. न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात जेफ्री फ्रीडमन यांच्या गटाने लेप्टिनचं जनुक शोधलं. चरबीच्या पेशी हे संप्रेरक रक्तात सोडतात आणि किती साठा आहे ते मेंदूला कळवतात. ही चरबी कुठे बसते, यावरही बरंच अवलंबून असतं. कातडीखालची तुलनेने निरुपद्रवी. पोटातल्या अवयवांभोवतीच्या चरबीतून सुटणारी मेदाम्लं मात्र थेट यकृतात पोचतात आणि इन्शुलिनला दाद मिळेनाशी होते; मधुमेहाची वाट इथूनच सुरू होते.

बारीक अंगात चरबी जास्त का, याचं मूळ याज्ञिकांच्या गटाने जन्माच्याही आधी शोधलं. १९९३पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत त्यांनी गर्भधारणेपासून माय-लेकरांच्या नोंदी ठेवल्या. बाळ जन्मलं की वजन-उंची तर घ्यायचीच, शिवाय खांद्याच्या फऱ्याखालची कातडी चिमटीत धरून तिची जाडी कॅलिपरने मोजायची. या बाळांचं सरासरी वजन २.७ किलो होतं. इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनच्या बाळांचं ३.५. स्नायू कमी, पोटातले अवयव लहान, पण फऱ्याखालची चरबी मात्र त्या मानाने बरीच टिकून! दुसऱ्या एका अभ्यासात पुण्यातल्या बाळांच्या नाळेच्या रक्तात इन्शुलिनही जास्त आढळलं.

हे गर्भातच कसं ठरत असेल, याचा एक धागा जनुकांकडे जातो. पेशी-पेशीत जनुकं तीच असतात. कुठलं वाचायचं आणि कुठलं मिटून ठेवायचं, हे ठरवण्यात डीएनएवर बसणाऱ्या मिथाइल खुणांचा मोठा वाटा असतो. त्या खुणांसाठी फोलेट आणि बी-१२ ही दोन्ही जीवनसत्त्वं लागतात. खेड्यांतल्या या मातांपैकी जवळपास दोन-तृतीयांश जणींच्या रक्तात बी-१२ कमी होतं. ज्यांचं फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी, त्यांच्या मुलांमध्ये सहाव्या वर्षी इन्शुलिनला होणारा विरोध सर्वांत जास्त दिसला. हा संबंध निरीक्षणातला आहे, कार्यकारणभाव त्याने सिद्ध होत नाही. पुढे हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या संशोधकांना मात्र बी-१२ दिल्यावर मधुमेहाशी निगडित काही जनुकांवरच्या मिथाइल खुणा बदललेल्या आढळल्या.

मधुमेह झाला की आपण माणसाच्या जिभेला बोल लावतो. मला तो अन्याय वाटतो. आईलाही दोष देऊ नये. शाकाहारी घरात बी-१२ मिळतं ते मुख्यतः दुधातून; ते दूध आधी कुणाच्या पेल्यात जातं आणि सुनेच्या वाट्याला किती उरतं, हे आपण सगळेच जाणतो. गरोदरपणी फोलेटसाठी फॉलिक अॅसिडच्या गोळ्या देताना बी-१२ची चौकशीही व्हायलाच हवी.

त्या खेड्यांतली मुलं वयात आल्यावर, २०१२मध्ये, ‘प्रिया’ हा प्रयोग सुरू झाला. मुलगे आणि मुली, दोघांनाही लग्नाच्या कितीतरी आधीपासून रोज २ मायक्रोग्रॅम बी-१२ देण्यात आलं. काहींना त्यासोबत इतर सूक्ष्म पोषकद्रव्यंही. पुढे त्यांना झालेल्या बाळांची मोजमापंही घेतली गेली.