बाहेरून पोर्शे, आतून बीटल

रेप्लिका स्पोर्ट्स कार बाहेरून कितीही थापा मारो, इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवायची वेळ आली की मुकाट्याने खरं बोलते. अंगावर फेरारीचा लाल रंग असतो आणि पोटातून शेव्हर्लेचं व्ही-एट निघतं. जगभरच्या गॅरेजांत अशा गाड्या खोलताना बाहेर पडलेल्या या काही गमती.

चार बोल्ट, काम तमाम

न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांनी पोर्शेच्या मागे लकडा लावला: अमेरिकेसाठी एक साधी, उघडी, स्वस्त गाडी द्या. त्यातून 1954 साली 356 स्पीडस्टर आली, किंमत 3,000 डॉलरच्या आत. आज अस्सल स्पीडस्टर सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेली आहे, म्हणून तिच्या नकलांचा बाजार तेजीत. कृती सोपी. जुनी फोक्सवॅगन बीटल घ्यायची, तिचा तळ मधून सुमारे 30 सेंटिमीटर कापून परत वेल्डिंग करायचा (बीटलच्या पुढच्या-मागच्या चाकांत 2,400 मिलिमीटर अंतर, 356 मध्ये 2,100) आणि वर फायबरग्लासची बॉडी ठेवायची. याला फसवणूक म्हणायला जीभ जरा अडखळते, कारण बीटलही फर्डिनांड पोर्शे यांचीच आणि पहिल्या-पहिल्या 356 मध्ये बीटलचेच बरेच सुटे भाग होते. नक्कल झाली ती घरातल्या घरात!

अशा नकलेतलं बीटलचं इंजिन उतरवणं म्हणजे मेकॅनिकसाठी सुटीचा दिवस. हवेवर थंड होणारं इंजिन, त्यामुळे रेडिएटर नाही, पाण्याचे होज नाहीत. बॅटरी, पेट्रोलची नळी, अ‍ॅक्सिलरेटरची केबल, थोड्या वायरी आणि हीटरच्या नळ्या सोडवल्या की गिअरबॉक्सला धरून ठेवणारे उरतात फक्त चार बोल्ट. खालचे दोन समोर दिसतात. वरच्या दोघांसाठी मात्र पंख्याच्या आवरणामागे हात घालून आंधळी कोशिंबीर खेळावी लागते. मग खाली जॅक लावायचा, क्लचमधून शाफ्ट सुटेपर्यंत इंजिन मागे ओढायचं आणि हळूच खाली घ्यायचं. वजन सव्वाशे किलोच्या आत. गिअरबॉक्सचा नंबर त्यानंतर, कारण इंजिन वाटेतून गेल्याशिवाय तो बाहेर येत नाही.

पुढे क्लच काढून फ्लायव्हीलपाशी पोचलात की भेटतो एकुलता एक 36 मिलिमीटरचा नट. कंपनीने सांगितलेला टॉर्क साडेतीनशे न्यूटन-मीटरच्या आसपास! साध्या पान्याने तो हलणार नाही, पाइप घालून लटकावंच लागतं. त्यातल्या त्यात बरं एवढंच, की त्याची गोटी मागच्या अ‍ॅक्सलच्या नटलाही बसते.

घाईचा विक्रम मात्र बीटलच्या नावावर नाही. 1985 मध्ये ब्रिटनच्या रॉयल मरीन्सच्या पाच जवानांनी फोर्ड एस्कॉर्टचं इंजिन काढून परत बसवलं, 42 सेकंदांत. आपल्याकडे तेवढ्यात मिस्त्री बोनेट उघडून फक्त ‘हंऽऽ’ म्हणतो.

चार रिव्हर्स, एक फॉरवर्ड

पोर्शे 550 स्पायडर ही हॉलिवूड अभिनेता जेम्स डीनची गाडी. 30 सप्टेंबर 1955 रोजी कॅलिफोर्नियात तिच्यातच त्याचा अपघाती मृत्यू झाला. अस्सल गाड्या बनल्या जेमतेम नव्वदेक, त्यामुळे इथेही नकलांची रांग, आणि इथेही पोटात बीटल. पण एक मेख आहे. बीटलचं इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्या मागे असतं, 550 चं अ‍ॅक्सलच्या पुढे. म्हणून नक्कल करणारे इंजिन-गिअरबॉक्सची जोडी उलट्या तोंडाने बसवतात. आता चाकंही उलटी फिरणार! म्हणून गिअरबॉक्स खोलून आतलं क्राउन व्हील दुसऱ्या बाजूला लावावं लागतं. हे विसरलात तर पुढे जायला एक गिअर आणि मागे जायला चार.

इंजिनाविना जन्मलेली

जगात सर्वाधिक नकला झालेल्या स्पोर्ट्स कारचा मान बहुधा शेल्बी कोब्राचा. अस्सल गाड्या हजाराच्या आसपास, नकलांची गणती कोण करणार? रेप्लिका कोब्रातून इंजिन निघालेलं पाहून कुणाला वाईट वाटत असेल, तर त्याने मूळ गाडीचा इतिहास ऐकावा. रेसर कॅरोल शेल्बी यांना हवी होती इंग्लंडच्या एसी कंपनीची हलकी बॉडी आणि अमेरिकेतल्या फोर्डचं नवं व्ही-एट. 1962 च्या सुरुवातीला इंग्लंडहून लॉस एंजेलिसला गाडी पोचली ती इंजिन आणि गिअरबॉक्सशिवायच. सांताफे स्प्रिंग्ज इथल्या डीन मून यांच्या वर्कशॉपमध्ये फोर्डचं 260 घनइंची इंजिन आणि गिअरबॉक्स आठेक तासांत आत बसले, आणि मंडळी लगेच चक्कर मारायला बाहेर पडली.

त्या पहिल्या गाडीचा चासी नंबर सीएसएक्स 2000. शेल्बींकडे तेव्हा ती एकच गाडी होती, पण नियतकालिकांच्या पत्रकारांना तसं कळू द्यायचं नव्हतं. म्हणून प्रत्येक चाचणीआधी तिला नवा रंग! वाचकांना वाटलं, कारखान्यातून कोब्रांची रांग लागली आहे. म्हणजे कोब्राची पहिली नक्कल कोब्रानेच केली म्हणायची. 2016 मध्ये ही गाडी लिलावात 1 कोटी 37 लाख 50 हजार डॉलरना गेली. पुढे उत्पादन सुरू झाल्यावरही रिवाज तोच राहिला: इंग्लंडहून रंगवलेल्या गाड्या इंजिनाविना निघायच्या आणि कॅलिफोर्नियात इंजिन घालून पुऱ्या व्हायच्या.

कोब्रातून इंजिन बाहेर काढताना बीटलची मजा नाही. इथे इंजिन आणि गिअरबॉक्स बहुतेकदा जोडीनेच वर येतात. पुढून साखळीने उचलून, नाक आभाळाकडे आणि शेपूट खाली अशा तिरक्या अवस्थेत, रंगाला ओरखडा न पडू देता. 427 घनइंचीसारखं ओतीव लोखंडाचं बिगब्लॉक असेल तर एकट्या इंजिनाचंच वजन 300 किलोच्या घरात. नवख्यांची फजिती मात्र वजनाने होत नाही, ऑइलने होते. प्रॉपेलर शाफ्ट काढला की गिअरबॉक्सचं मागचं तोंड उघडं पडतं आणि तिरका करताच सगळं ऑइल जमिनीवर. मुरलेले मिस्त्री आधी ऑइल काढून घेतात, किंवा त्या तोंडावर प्लास्टिकची पिशवी चढवून रबरबँड लावतात. लाखमोलाच्या गाडीला हा फुकटातला उपाय.

वर नाही, खाली

1984 ते 1988 या काळात बनलेली पाँटिअ‍ॅक फिएरो ही नकलाकारांची आणखी एक लाडकी. तिच्या पोलादी सांगाड्यावर प्लास्टिकचे पत्रे बोल्टने लावलेले असत. ते काढा, फेरारीसारखे दिसणारे लावा, झालं. तिचं इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचं सस्पेन्शन एकाच चौकटीवर बसतात. चौकट सोडवायची आणि इंजिन जागेवर ठेवून गाडीच वर उचलायची. उघडं पडलेलं इंजिन सुरुवातीच्या मॉडेलात अडीच लिटरचं, 92 अश्वशक्तीचं. अंगावर फेरारीचा बिल्ला असेल तर त्या क्षणी मालकाच्या चेहऱ्याकडे न बघणंच सभ्यपणाचं.

लॅम्बोर्गिनी काउंटाचची नक्कल तर आणखी अवघड. अस्सल गाडीत गिअरबॉक्स इंजिनाच्या पुढे, दोन सीटच्या मधे येतो आणि तिथून एक शाफ्ट इंजिनाच्या ऑइल चेंबरमधून मागच्या डिफरन्शियलपर्यंत जातो. एवढा उपद्व्याप नकलाकार सहसा करत नाहीत. फोर्ड जीटी-40 च्या कित्येक नकलांत तर फ्रान्सच्या रेनॉ 25 या घरगुती मोटारीचा गिअरबॉक्स सापडतो.

पडद्यावरचे तोतये

‘मायामी व्हाइस’ मालिकेतली काळी फेरारी डेटोना प्रत्यक्षात शेव्हर्ले कॉर्व्हेटवर बेतलेली होती. फेरारीने दावा ठोकला. शेवटी मालिकेतच ती क्षेपणास्त्राने उडवली आणि नायकाला खरी टेस्टारोसा मिळाली. ‘फेरिस ब्यूलर्स डे ऑफ’ (1986) मध्ये काच फोडून दरीत कोसळणारी फेरारीही फायबरग्लासची. बाँडपटही सुटलेले नाहीत: ‘नो टाइम टू डाय’मधल्या धावपळीसाठी बनवलेल्या अ‍ॅस्टन मार्टिन डीबी-5 च्या स्टंट प्रतींत बीएमडब्ल्यूचं सहा सिलिंडरचं इंजिन होतं. ब्रिटिश गुप्तहेराच्या गाडीला जर्मन इंजिन!

कायदा काय म्हणतो?

अमेरिकेत अनेक कंपन्या रेप्लिका मुद्दाम इंजिन-गिअरबॉक्सशिवाय विकत आल्या, कारण ते बसवले की गाडी ‘पूर्ण’ ठरते आणि नव्या गाडीचे सगळे सुरक्षा नियम लागू होतात. 2015 च्या कायद्याने छोट्या उत्पादकांना वर्षाला 325 पर्यंत तयार रेप्लिका बनवायची मोकळीक दिली. अट अशी की मूळ गाडी किमान 25 वर्षांपूर्वीची हवी आणि इंजिन प्रदूषणाच्या आजच्या नियमांत बसणारं. ब्रिटनमध्ये सरमिसळ भागांच्या, वयाचा पत्ता नसलेल्या गाडीला ‘क्यू’ने सुरू होणारा नंबर मिळतो, म्हणजे तोतयेगिरी नंबर प्लेटवरच जाहीर.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचं कलम 52 कडक आहे. कंपनीने मुळात नोंदवलेल्या तपशिलांशी विसंगत ठरेल असा बदल गाडीत चालत नाही, आणि जानेवारी 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच ठणकावलं. पेट्रोलचं इंजिन कायमचं उतरवून मोटर आणि बॅटरी बसवायची असेल, तर पुण्याच्या एआरएआयसारख्या वाहन चाचणी संस्थेने मंजूर केलेला किट लागतो. तेव्हा जुनी, हौशी, ‘स्पोर्ट्स कारसारखी दिसणारी’ गाडी कुणी गळ्यात मारायला आलं, तर रंगावर भाळू नका. बोनेट उघडा, नाहीतर डिकी उघडा (बीटलचं इंजिन तिथेच सापडेल), आणि इंजिन नंबर आरसी बुकाशी जुळतो का ते बघूनच व्यवहाराचं बोला.