तीनशे उष्मांकांचा हिशेब

खेड्यातील माणसाला शहरातील माणसापेक्षा रोज ३०० उष्मांक अधिक लागतात, असे नियोजन मंडळाच्या कृतिगटाने १९७९ मध्ये धरले. ग्रामीण भागासाठी २४०० आणि शहरी भागासाठी २१०० असे ते दरडोई मापदंड होते. त्यापूर्वी १९७१ मध्ये वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी दोन्हीकडे २२५० उष्मांक गृहीत धरून दारिद्र्याची मोजणी केली होती. कृतिगटाने वाढवून दिलेले ३०० उष्मांक हे मुख्यतः श्रमाचे मोल होते.

ते श्रम आज कुठे आहेत? १९९९ मध्ये परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्यात ज्वारीची जागा मोठ्या प्रमाणावर सोयाबीनने घेतली आहे. नांगरणी ट्रॅक्टरने होते, मळणी यंत्राने होते आणि सेनगाव किंवा कळमनुरीच्या बाजाराला जाणारा शेतकरी मोटारसायकलवर बसतो. साठ किलो वजनाचा माणूस एक किलोमीटर चालला तर सुमारे ५० उष्मांक खर्च होतात. तीन किलोमीटर जाऊन-येऊन झाले की ३०० उष्मांक झालेच! उलटपक्षी, भाजीत दोन चमचे तेल अधिक पडले की नव्वद उष्मांक जमेस येतात. ताटातील भाकरी तेवढीच राहिली तरी खर्चाची बाजू घटली की शिल्लक वाढणारच.

एक किलो चरबीत सुमारे ७७०० उष्मांक साठलेले असतात. या हिशेबाने रोज ३०० उष्मांक उरले तर वर्षाला चौदा किलो वजन वाढावे. तसे सहसा घडत नाही. वजन वाढलेल्या देहाला बसता-उठता अधिक ऊर्जा लागते, त्यामुळे खर्च वाढत जातो आणि काही किलो चढल्यावर जमाखर्च पुन्हा जुळतो. उपास सुरू केला की उलटे घडते. देह आपला खर्च आवरतो आणि उतरू लागलेले वजन मध्येच अडते. त्यात इच्छाशक्तीचा दोष शोधणे अन्यायाचे आहे.

देह हा असा लवचिक हिशेबनीस आहे, हा मुद्दा पां. वा. सुखात्मे यांनी १९८० च्या सुमारास आग्रहाने मांडला. सातारा जिल्ह्यातील बुध गावचे हे संख्याशास्त्रज्ञ जागतिक अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक होते. एकाच माणसाची गरज दिवसागणिक बदलते आणि विशिष्ट मर्यादेत शरीर स्वतःला सांभाळून घेते. म्हणून सरासरीपेक्षा कमी खाणारा प्रत्येकजण कुपोषित ठरत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. दांडेकरांनी त्यास कडाडून विरोध केला. या तर्काने भुकेल्यांची संख्या कागदावर घटेल, ही चिंता रास्तच होती. तो वाद तुटीचा होता. शिलकीच्या बाजूने पाहता सुखात्म्यांच्या मुद्द्याला आज नवा अर्थ येतो.

परंतु साठलेली चरबी काट्यावर दिसतेच असेही नाही. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील नवजात बालके तपासली. त्यांचे सरासरी वजन अवघे २.७ किलो होते. इंग्लंडमधील बालकांच्या तुलनेत त्यांचे स्नायू फार कमी भरले, चरबी मात्र त्या मानाने टिकून होती. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ नियतकालिकात याज्ञिकांनी आपल्याच देहाची तुलना जॉन युडकिन या इंग्रज सहकाऱ्याशी केली. उंची-वजनाचे गुणोत्तर दोघांचेही २२.३ होते, पण चरबी युडकिन यांच्या देहात ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या देहात २१.२ टक्के! आईच्या पोटात पोषणाची चणचण सोसून जन्मलेले मूल पुढे कचेरीतल्या किंवा शाळेतल्या खुर्चीवर बसले की मधुमेहाचा धोका त्याला सडपातळ असूनही गाठू शकतो. म्हणून काट्याबरोबर कमरेचा घेर मोजावा. पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटर ही दक्षिण आशियासाठी मानलेली मर्यादा आहे.

मात्र श्रम सर्वांचे सारखे सुटलेले नाहीत. वसमतच्या शिवारात हळद वेचणाऱ्या मजूर बाईला ते ३०० उष्मांक आजही लागतात, आणि बांधावर मोटारसायकल लावून उभ्या असलेल्या मालकाला ते नको असतात. गावाच्या सरासरीत दोघेही एकच. अन्नसुरक्षा कायद्याने प्राधान्य कुटुंबांना दरडोई महिना पाच किलो धान्य मिळते; त्याचे दिवसाला जेमतेम ५७० उष्मांक होतात. उरलेले तिने मजुरीतून विकत घ्यायचे आहेत, आणि डाळ, दूध, अंडी महाग असल्याने ते बहुधा धान्याचे व तेलाचेच असतात.