तोंडातील पांढरी जाळी : भीती नको, हयगयही नको

आमच्या थोरल्या वहिनींच्या दोन्ही गालांना आतून पांढऱ्या रेघांची जाळी दिसू लागली. भाकरीबरोबर ठेचा घेतला की तोंडाची आग आग होई. शेजारच्या एकाने सांगितले, "हा कॅन्सरच." दुसऱ्याने सांगितले, "लागणीचा आजार आहे, जपून राहा." घरात उघडपणे कोणी काही बोलले नाही, पण वहिनींनी आपणहून ताट-तांब्या वेगळा केला आणि नातवाला घास भरवणे सोडले. असे चार महिने गेले. शेवटी भोकर-मुदखेडच्या गाडीने त्यांना नांदेडला नेले, तेव्हा कळले की हा कॅन्सर नव्हे आणि लागणीचा आजार तर मुळीच नव्हे. आम्ही बँकेतले कारकून, डॉक्टर नाही. परंतु जे त्या वेळी विचारून व वाचून समजले ते सभासदांना व विद्यार्थ्यांना सांगावे, म्हणून हा लेख.

या आजाराचे नाव ओरल लायकेन प्लॅनस. ओरल म्हणजे तोंडातील, प्लॅनस म्हणजे सपाट आणि लायकेन म्हणजे आपण काळ्या मसाल्यात घालतो ते दगडफूल. खडकावर दगडफूल पसरावे तसे हे चट्टे दिसतात, म्हणून हे नाव. लंडनचे डॉक्टर इरॅस्मस विल्सन यांनी १८६९ साली या रोगाचे वर्णन केले. पुढे १८९५ साली पॅरिसचे डॉक्टर विकहॅम यांनी त्यातील बारीक पांढऱ्या रेघांचे वर्णन केले. त्या रेघांना आजही त्यांचेच नाव आहे.

हा रोग होतो कसा? आपल्या रक्तातील पांढऱ्या पेशी म्हणजे शरीराचे राखणदार. काही कारणाने त्यांची गफलत होते आणि त्या तोंडाच्या आतील त्वचेच्या तळच्या थरालाच परके समजून त्यावर हल्ला करतात. घरच्या राखणदाराने घरच्याच माणसावर काठी उगारावी तसा हा प्रकार आहे. यात जंतूचा संसर्ग नसल्यामुळे एका ताटात जेवल्याने, उष्टे खाल्ल्याने किंवा मुका घेतल्याने तो दुसऱ्याला होत नाही. शंभरात एखाद-दोघांना तो आढळतो. चाळिशीपुढे आणि स्त्रियांत त्याचे प्रमाण अधिक असते. मनावर ताण असला की त्रास वाढतो, असा पुष्कळ रुग्णांचा अनुभव आहे.

मात्र तोंडातील प्रत्येक पांढरा डाग हा लायकेन नव्हे. तंबाखू, मिशरी यांनी पडणारा पांढरा चट्टा वेगळा. सुपारी व गुटख्याने गाल आतून ताठ होऊन तोंड उघडेनासे होते, तो आजारही वेगळा. राज्यात २०१२ साली गुटख्यावर बंदी आली, तरी खाणारे अजून आहेतच. चांदी भरलेल्या दाताजवळ किंवा रक्तदाब, सांधेदुखी यांच्या काही गोळ्यांमुळेही लायकेनसारखेच चट्टे उठू शकतात. अशा वेळी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना विचारावे. शंका असल्यास चट्ट्याचा लहानसा तुकडा काढून तपासतात. या तपासणीमुळे रोग पसरतो, ही समजूत चुकीची आहे.

उपचाराविषयी खरे तेच सांगितले पाहिजे. हा रोग मुळापासून घालवणारे औषध आज नाही. तो कमी होतो, पुन्हा डोके वर काढतो, वर्षानुवर्षे राहतो. पण त्रास आटोक्यात ठेवता येतो. नुसती जाळी असून आग होत नसेल, तर बहुधा औषधाची गरज नसते. लाली किंवा जखमा असतील, तर स्टिरॉइडचे मलम देतात. जेवणानंतर व झोपताना ती जागा कोरडी करून ते पातळ लावायचे आणि अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. या औषधाने कधी कधी तोंडात बुरशी धरते, म्हणून जुनी चिठ्ठी दाखवून दुकानातून पुन्हा पुन्हा मलम आणू नये. तिखट, आंबट, फार गरम आणि कडक पदार्थ त्रास असेपर्यंत टाळावेत. वरणभात, मऊ खिचडी, केळे चालते. झणझणीत टूथपेस्ट सोडून सौम्य वापरावी व दात मऊ ब्रशने स्वच्छ ठेवावेत.

आता कॅन्सरविषयी. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतील दंतसंशोधकांनी आपल्या देशातील ७२२ रुग्णांवर काही वर्षे लक्ष ठेवले. १९८६ साली प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत तिघांना तोंडाचा कॅन्सर झाल्याचे आढळले. आजचे अभ्यासक हे प्रमाण साधारण शंभरात एक धरतात. म्हणजे नव्व्याण्णव जणांनी भीतीने जेवण सोडण्याचे कारण नाही, आणि त्या एकासाठी सर्वांनीच सहा महिन्यांनी, निदान वर्षातून एकदा, तोंड दाखवून घेतले पाहिजे. तंबाखू, मिशरी, सुपारी व दारू तर सोडलीच पाहिजे. तीन आठवड्यांत न भरलेली जखम, गाठ किंवा कडकपणा दिसल्यास पुढच्या तारखेची वाट पाहू नये. नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात त्वचारोग विभागात दाखवता येते. छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालय आहे.

वहिनींची जाळी आजही आहे. आग मात्र कमी झाली आहे आणि दर सहा महिन्यांनी त्या तपासून येतात. आम्हांला खंत वाटते ती त्या चार महिन्यांची. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या तळ्यावर ज्यांनी ओंजळभर पाणी प्यायले, त्यांचे वारस म्हणवणाऱ्या आमच्याच घरात, नुसत्या अज्ञानापोटी, एका माणसाचा तांब्या वेगळा झाला. आणि आम्ही शिकलेली माणसे ते पाहत गप्प बसलो. विद्यार्थ्यांना एवढेच सांगणे : घरात कोणाच्या तोंडाला असे काही दिसले, तर आधी डॉक्टरांकडे न्या. आणि त्याचे ताट आपल्या ताटाशेजारीच राहू द्या.