अडलेला संगणक आणि थांबविण्याची कळ

यंत्र सुरू कसे करावे हे शिकविणारे पुष्कळ भेटतात. ते थांबवावे कसे हे शिकविणारा क्वचितच भेटतो. आमचे आयुष्य पिंपरी-चिंचवड, भोसरी आणि चाकण या पट्ट्यातील कामगारांत गेले. तेथे यंत्र पाहण्याची आमची एक कसोटी ठरून गेली आहे. वेळ आली म्हणजे ते कोणाला थांबविता येते, किती लवकर थांबविता येते, आणि थांबविणाऱ्याला बोल तर लागत नाही ना? आज याच कसोटीला आम्ही टेबलावरचा संगणक लावून पाहणार आहोत. प्रश्न साधा आहे. संगणकावर चाललेला एखादा प्रोग्राम मध्येच अडून बसला, तर तो बंद करणे सामान्य माणसाला सोपे आहे काय?

कारखान्यात हा प्रश्न पूर्वीच विचारला गेला. जुन्या कारखान्यांत छताखाली एक लांब दांडा फिरत असे व त्यावरून पट्टे घेऊन खालची यंत्रे चालत. यंत्राला शेजारी शेजारी दोन चाके असत, एक घट्ट आणि एक सैल. पट्टा घट्ट चाकावरून सैल चाकावर सरकविला की तेवढे एक यंत्र थांबे. बाकीची चालूच राहत. १९४८ च्या कारखाना कायद्याच्या २४ व्या कलमाने पट्टा सरकविण्याची ही सोय, आणि कामाच्या प्रत्येक खोलीत संकटकाळी शक्ती तोडण्याचे साधन, मालकांवर बंधनकारक केले. आज भोसरीच्या एखाद्या लहान वर्कशॉपातील सी.एन.सी. यंत्रावरही छत्रीच्या आकाराचे लाल बटण असते. कोणी नवा हेल्पर आला की पहिल्याच दिवशी त्याला ते दाखवितात.

मोटारीच्या धंद्यात तर ही गोष्ट आणखी पुढे गेली. जपानात साकिची तोयोडा यांनी धागा तुटताच आपोआप थांबणारा माग तयार केला. त्याच घराण्याच्या टोयोटा कारखान्यांत दोष दिसला की दोरी ओढण्याची मुभा लाइनवरच्या साध्या कामगाराला मिळाली. दोष वेळेत निघाला नाही तर लाइन थांबते. चाकणच्या तरुण कामगाराला ‘अँडन’ आणि ‘कायझेन’ हे शब्द आता घरच्यासारखे झाले आहेत.

आता त्याच पट्ट्यातील एखाद्या कारखान्याच्या फाटकाजवळच्या खोलीत चला. तेथे कंत्राटदाराकडून आलेली एक मुलगी संगणकावर चलन तयार करीत असते. २०१८ सालापासून मालाच्या गाडीबरोबर ई-वे बिलही आले. गाडी भरून उभी आहे, चालक खिडकीशी घाई करतो आहे, आणि पडद्यावरचे चक्र फिरता फिरत नाही. मुलगी एकच बटण दहा वेळा दाबते. काही होत नाही. आत लाइनवर लाल बटण आहे, दोरी आहे, तक्ते आहेत. या खोलीत काय आहे? फक्त भिंतीवरचा विजेचा खटका.

एका कारखान्यात, त्याचे नाव घेण्याचे कारण नाही, रात्रपाळीच्या अशाच एका मुलीने शेवटी तो खटका बंद केला. संगणक पुन्हा सुरू झाला, परंतु जतन न केलेल्या नोंदी गेल्या. सकाळी तिच्या हातात खुलासा मागणारे पत्र पडले. आम्ही व्यवस्थापकांना एवढेच विचारले, की अडलेला प्रोग्राम बंद कसा करावा हे तिला कोणी व केव्हा शिकविले होते? त्यांच्याजवळ उत्तर नव्हते. रोग रेड्याला आणि औषध पखालीला, अशातला हा प्रकार! पत्र मागे घेतले गेले. नोंदी मात्र तिला रविवारी बसून पुन्हा लिहाव्या लागल्या.

प्रोग्राम अडतो म्हणजे होते तरी काय? प्रत्येक प्रोग्राम हा एखाद्या कारकुनासारखा असतो. आपण कळ दाबली, माउस हलविला, की तिची एकेक चिठ्ठी त्याच्या टेबलावर पडते. कारकून ओळीने चिठ्ठ्या उचलतो आणि काम करतो. तो एखाद्या कामात गुंतून चिठ्ठ्यांकडे पाहीनासा झाला म्हणजे आपल्याला प्रोग्राम अडलेला दिसतो. विंडोज ही व्यवस्था साधारण पाच सेकंद वाट पाहते; मग ती खिडकी फिकट करते आणि वर ‘नॉट रिस्पॉन्डिंग’ अशी पाटी लावते. या पाटीचा अर्थ ‘हाकेला ओ देत नाही’ एवढाच. कारकून मेला, असा तिचा अर्थ नव्हे.

ओ न देण्याची कारणे बहुधा तीन. पहिले, तो दुसऱ्याची वाट पाहत असतो: दूरच्या सर्व्हरची, प्रिंटरची, खराब झालेल्या पेन ड्राइव्हची. दुसरे, तो घाण्याच्या बैलासारखा एकाच फेऱ्यात सापडलेला असतो. पुष्कळ चालतो, पण पोहोचत कोठेच नाही. तिसरे, दोन कामे एकमेकांसाठी अडून राहतात. चाकणच्या तळेगाव चौकात समोरासमोर आलेल्या दोन गाड्या ज्याने पाहिल्या आहेत, त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको. पहिल्या प्रकारात थोडे थांबल्यास काम पुढे सरकण्याची आशा असते. उरलेल्या दोहोंत बहुधा बंद करण्यावाचून गत्यंतर नसते.

बंद करण्याचा इतिहासही बोधप्रद आहे. १९८१ साली आय.बी.एम. कंपनीचा पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आला. त्याच्या एका अभियंत्याने, डेव्हिड ब्रॅडली यांनी, कंट्रोल, ऑल्ट आणि डिलीट या तीन कळा एकदम दाबल्यास यंत्र नव्याने सुरू होईल अशी योजना केली. चुकून हात लागू नये म्हणून कळा मुद्दाम दूरदूरच्या घेतल्या. परंतु ही सोय मुळात अभियंत्यांसाठी होती, आणि तिने सारेच यंत्र पहिल्यापासून सुरू होई. एक माग अडला म्हणून अख्खी गिरणी बंद करण्यासारखेच ते!

१९९२ च्या विंडोज ३.१ मध्ये त्याच तीन कळांनी अडलेला तेवढाच प्रोग्राम बंद करण्याची वाट निघाली. मात्र त्या काळी प्रोग्राम ‘सहकारी’ पद्धतीने चालत: प्रत्येकाने आपले काम थोडे करावे आणि आपण होऊन दुसऱ्याला पाळी द्यावी. एखादा सभासद खुर्ची सोडीना, की साऱ्यांचे काम ठप्प! महाराष्ट्रातल्या वाचकाला याचे फारसे आश्चर्य वाटू नये. १९९५ च्या विंडोजने नव्या प्रोग्रामांपुरते पाळ्या वाटण्याचे काम स्वतःकडे घेतले, आणि १९९६ च्या विंडोज एन.टी. ४ मध्ये ‘टास्क मॅनेजर’ आला. चाललेल्या कामांचा हा हजेरीपटच होय. हव्या त्या नावावर बोट ठेवून ते काम संपविता येते.

तेव्हा वाचकहो, प्रोग्राम अडला तर क्रम असा ठेवावा. प्रथम मिनिटभर हात आवरावा. कळा बडविल्याने चिठ्ठ्यांचा ढीग मात्र वाढतो. मग ऑल्ट आणि एफ ४ या कळांनी तो रीतसर बंद होतो का पाहावे. न झाल्यास कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात अडलेल्या प्रोग्रामचे नाव निवडून ‘एंड टास्क’ म्हणावे. तेवढा प्रोग्राम जाईल, बाकीचे राहतील. अडलेल्यातील जतन न केलेले काम बहुधा जाईल; म्हणून काम चालू असतानाच कंट्रोल आणि एस या कळांनी अधूनमधून जतन करण्याची सवय ठेवावी. मॅक संगणकावर कमांड, ऑप्शन आणि एस्केप या कळांनी असेच काम होते. भिंतीचा खटका हा अगदी शेवटचा उपाय.

यापेक्षाही सोपी वाट आहे. २०२३ साली विंडोज ११ मध्ये अशी सोय आली, की पडद्याच्या तळाच्या पट्टीवरील प्रोग्रामच्या चिन्हावर उजवे बटण दाबावे आणि तेथेच ‘एंड टास्क’ निवडावे. दोन टिचक्यांत काम होते. पण ही सोय आली ती बंद ठेवलेल्या स्थितीत, आणि सुरू करण्याची जागा होती सेटिंग्जमध्ये, ‘फॉर डेव्हलपर्स’ नावाच्या पानावर! म्हणजे प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी राखलेल्या पानावर. लाल बटण लाइनवर न लावता ते अभियंत्याच्या कपाटात ठेवले, तर आपण काय म्हणू? अडलेल्या प्रोग्रामने ज्याचे काम थांबते, त्याच्या हाताशी ते नको काय?

काही कचेऱ्यांत तर टास्क मॅनेजरलाच कुलूप घातलेले असते. कामगाराने संगणकाशी नको ते खेळ करू नयेत म्हणून हे करतात, असे सांगण्यात येते. चिंता समजण्यासारखी आहे, आणि काही कामे बंद करण्यास मनाई जरूर असावी. परंतु ज्याच्याकडून कामाचा हिशेब घ्यावयाचा, त्याच्याकडून ते काम सोडविण्याचे साधन काढून घेणे हा न्याय नव्हे.

म्हणून आम्ही संघटनेतर्फे जेथे बोलणी करतो तेथे चार गोष्टी मागतो. संगणकावर बसविण्यापूर्वी सुरू करण्याबरोबर थांबविण्याचेही शिक्षण द्यावे. ‘एंड टास्क’ची सोय प्रत्येक संगणकावर सुरू करून द्यावी. संगणकाशेजारी चार ओळींचा तक्ता मराठीत लावावा. कारखान्यातील सूचना बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेतही लावाव्यात हे तर १९४८ च्या कायद्यानेच सांगितले होते. आणि प्रोग्राम अडल्यामुळे गेलेला वेळ कामगाराच्या नावे मांडू नये, तो यंत्राच्या वहीत लिहावा. ती वही महिन्याने उघडली म्हणजे कोणता प्रोग्राम वारंवार अडतो हे व्यवस्थापकांनाही कळेल आणि दुरुस्ती योग्य ठिकाणी होईल. कायझेन म्हणतात ते हेच. या मागण्यांना पैसा जवळजवळ लागत नाही, आणि तरीही त्या मिळविण्यास बैठकी लागतात, हा आमचा अनुभव आहे.

आपणांपैकी पुष्कळांचा कारखान्याशी संबंध नसेल. पण घरी मुलांचा संगणक आहे, दुकानात बिलाचा आहे, सोसायटीच्या कचेरीत हिशेबाचा आहे, आणि तेथेही कोणीतरी फिरत्या चक्राकडे पाहत बसलेले आहे. आज घरी गेल्यावर त्या संगणकावर ही सोय सुरू करा, तीन कळांची नावे कागदावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि तो कागद पडद्याशेजारी चिकटवा. मग त्या संगणकावर रोज जो बसतो, त्याच्याकडून एकदा ते प्रत्यक्ष करवून घ्या.