अर्धशिशी : गोळीपेक्षा दिनक्रम महत्त्वाचा

तीन महिन्यांहून अधिक काळ, दरमहा १५ वा अधिक दिवस डोके दुखत असेल व त्यांपैकी किमान ८ दिवस अर्धशिशीचे असतील, तर तिला जीर्ण अर्धशिशी म्हणतात. मिहान परिसरातील रात्रपाळीने मोडलेली झोप, चुकलेले जेवण व नागपूरचे ४५ अंशांचे ऊन तिला चेतवू शकतात. साधी वेदनाशामक गोळीही महिन्यातून १५ दिवस घेत राहिल्यास डोकेदुखी उलट बळावते. म्हणून दुखण्याचे दिवस व गोळ्या वहीत नोंदवाव्यात. वेळेवर झोप व जेवण, पुरेसे पाणी, नियमित चालणे आणि दुखताना अंधारी खोली व कपाळावर गार पट्टी हितावह ठरते. अचानक असह्य वेदना, ताप वा हातापायांत दुर्बलता आल्यास मात्र तत्काळ रुग्णालय गाठावे. कुटुंबीयांनी या व्याधीस कामचुकारपणा समजू नये, ही विनंती.